रिझर्व म्हणजे कोणासाठी?

सायत्रा,

परवा सकाळी तू माझ्या चुलीपाशी बसून चहा प्यालीस आणि दुपारी मी तुला तुमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, निजवलेली पाहिली. या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात झाल्या हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. हात आपलं काम करतात. भात शिजवतात, वरणात मीठ घालतात, विसरून पुन्हा घालतात. आमचे हे तेच जेवतात. मी मधेच उठून दाराशी जाते आणि तुमच्या गावाकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघत उभी राहते. तू येणार नाहीस हे ठाऊक असून बघते, आणि मग स्वतःचाच राग येतो.

गावातल्या बाया सांगतात, तिचं नाव घेऊन रडू नका, तिला पुढची वाट सापडणार नाही. मी रडत नाही. मला धक्का बसला आहे आणि राग आला आहे, आणि या दोन्हींत रडू कुठे अडकलं ते कळत नाही. राग तुझ्यावर आहे, तुझ्या जावेवर आहे, आणि सगळ्यांत जास्त त्या इंग्रजी शब्दावर आहे, ज्यावरून तू आणि मी इतकी वर्षं भांडलो. ते भांडण अर्धंच राहिलं. तू काही अर्ध्या भांडणातून उठून जाणारी बाई नव्हतीस.

तुला आठवत असेल, मी या नाक्यावर आले तेव्हा मला जंगलातलं काहीच कळत नव्हतं. आमच्या वर्ध्याकडे काळी जमीन, कपाशी आणि नजर जाईल तिथवर उघडं आभाळ. इथे पोंभुर्ण्याच्या पुढे आल्यावर आभाळच दिसेना. आमचे हे जंगल खात्याचे नाकेदार. दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, पुढे अंगण, आणि मागे चुना फासलेला दगडांचा ढीग, त्याला मुनारा म्हणतात. नव्या नवरीला नवरा घर दाखवतो, दागिना दाखवतो. यांनी मला मुनारा दाखवला आणि म्हणाले, "इथून पुढे रिझर्व. काडीसुद्धा उचलायची नाही."

आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुनाऱ्याच्या मागून तू आलीस. डोक्यावर टोपली, टोपलीत चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोंडात तंबाखू. मी घाबरून विचारलं, हे कुठून आणलंस? तू म्हणालीस, "रिझर्वातून." आम्ही हिंगणघाटच्या बाजारातून असं ज्या सुरात सांगतो त्याच सुरात. मी विचारलं, रिझर्व म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुला?

"मालूम हाये ना बाई. जिथी नाकेदार भाऊ रागावते, ते रिझर्व."

मी हसले आणि तिथेच फसले. तू ओंजळभर चारं माझ्या पदरात टाकलीस. नाकेदाराच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात रिझर्वचा माल खाल्ला.

हळूहळू कळलं की हा शब्द तुमच्या गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. नागपूरलाही इतका बोलत नसतील. पोरीचं लग्न ठरलं की ती रिझर्व. देवीला कबूल केलेली कोंबडी रिझर्व. बियाण्याच्या धानाची ढोली रिझर्व, म्हणजे उपाशी राहू पण तिला हात लावणार नाही. तुझ्या सासूची पानाची चंची तर कडक रिझर्व. एकदा कोतवाल पारावर पाय पसरून झोपला होता, तर पोरं म्हणत होती, आज पार रिझर्व आहे. साहेबांनी, सरकारने आणलेला शब्द, पण तुम्ही तो धुऊन, वाळवून घरात वापरायला काढला होता. हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण तुला एवढा अर्थ पुरत नव्हता. तुझं एकच तुणतुणं. हात लावायचा नाही हे कबूल, पण कोणासाठी ठेवलं ते सांगा.

"मायी कोंबडी देवीसाठी. चंची सासूसाठी. बियानं वावरासाठी. तुमचं जंगल कोनासाठी हाये, बाई? नाव सांगा, मी हात नाई लावत."

मी म्हणाले, सरकारसाठी.

"सरकारले लेकरं किती हायेत? इतकं कोन खाते?"

तू मला जंगलात ठेवलेली एक मोळी दाखवली होतीस. कोणी तरी तोडलेलं सरपण, जड झालं म्हणून वाटेत ठेवून गेलेलं, वर फक्त गवताची एक गाठ. तू म्हणालीस, चार दिवस राहील तरी कोणी नेणार नाही, कारण ही कोणाची आहे ते आम्हाला गाठीवरून कळतं. तुमच्या मुनाऱ्यावरून काहीच कळत नाही. मी घरी येऊन यांना विचारलं. हे म्हणाले, असले प्रश्न डिपार्टमेंटमध्ये विचारत नसतात.

माझीही बाजू होती, सायत्रा. ती आजही आहे, तू गेलीस म्हणून मी ती सोडणार नाही. पावसाळ्यात बांबूच्या बेटात जे कोवळे कोंब येतात, ज्यांना तुम्ही वास्ते म्हणता, त्यातला एकेक कोंब म्हणजे उद्याचा एकेक बांबू. सगळ्या गावाने भाजी करून खाल्ली तर बांबू उरेल कुठून? हे मी यांच्याकडून शिकून तुला ऐकवलं. शिवाय मी म्हणाले की त्या बांबूचा कागद होतो, तुझी पोरगी शाळेत जाते ना, तिच्या पुस्तकाचा कागद. तेव्हा तू टोपली खाली ठेवलीस. मला वाटलं, जिंकले. मग म्हणालीस, "मंग तसं तुमच्या मुनाऱ्यावर लिवा ना. पोरीच्या पुस्तकासाठी राखलं म्हना. मी वास्त्याले हात नाई लावत." असं कोणी लिहिणार नव्हतं, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू पुन्हा गेलीस. पण मी पाहिलं होतं, एका बेटातून तू दोन-चारच कोंब काढायचीस आणि उरलेल्यांवर पाला सारून ठेवायचीस. मी ते बोलून दाखवलं नाही, तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

आमच्या यांचा कायदा वेगळाच. दौऱ्यावर असताना वास्ते दिसले की टोपली जप्त. घरी ताटात भाजी आली की मान खाली घालून जेवायचं आणि कशाची आहे ते विचारायचं नाही. तू दाराआडून बघायचीस आणि पदरात तोंड लपवून म्हणायचीस, "कुंपन शेत खाऊन राह्यलं, बाई."

माझा मुलगा झाला तेव्हाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. पुरामुळे गाडीवाट बंद, माहेरचं कोणी पोचलं नाही, दायी दुसऱ्या गावी. तूच सगळं केलंस. मी ओरडत होते आणि तू मला दटावत होतीस, ओरडू नको, वाघ येते पाहाले. मूल झाल्यावर तू चुलीतली राख घेऊन खोलीच्या उंबऱ्यावर रेघ ओढलीस. हे खाकी गणवेशात, हातात टोपी घेऊन, पोराचं तोंड बघायला धावत आले, तर तू मधे उभी. "भाऊ, तिथीच थांबा. इथून पुढं रिझर्व हाये." आणि आमचे हे, ज्यांना आख्खा इलाका भितो, ते रेघेच्या अलीकडे मुकाट उभे राहिले. मी बाजेवरून हसत विचारलं, काय गं, हे रिझर्व कोणासाठी? तू म्हणालीस, "तुमच्यासाठी अन् याच्यासाठी. पाहा, नाव सांगता येते ना?" तो क्षण आठवला की मला तुझे पाय धरावेसे वाटतात. तू असताना वाटलं नाही. तुझे पाय कायम चिखलात असायचे आणि तू कायम घाईत.

आता परवाचं. हे मला लिहावंच लागेल. गावात ते आता वेगळंच सांगताहेत.

मोठे साहेब आदल्या दिवशी चांद्याहून कॅम्पवर आले होते. अंगणातल्या मोहाखाली तंबू, शेजारी जीप. साहेबांच्या खानसाम्याला हिवताप भरला, म्हणून जेवण आमच्या घरून. तू मदतीला आलीस आणि येताना पदराखाली वास्ते घेऊन आलीस. बारीक चिरून, उकडून, कडू पाणी काढून ठेवलेले. मी म्हणाले, बाई गं, साहेबाच्या ताटात हे? तू म्हणालीस, "वाढा जी. शिजल्यावर त्यावर शिक्का थोडीच राह्यते." लाखोळीच्या डाळीत घालून भाजी केली. साहेबांनी दोनदा मागितली. मग यांना विचारलं, कशाची भाजी? हे म्हणाले, गावरान आहे, साहेब. साहेब हसले. "मला कळतं रे कशाची आहे. उद्या पुन्हा कर म्हणावं." आत तू मडक्याला धरून हसत होतीस. मीही हसत होते. आपण दोघी त्या वेळी किती खुशीत होतो.

परवा सकाळी चहा पिताना तू म्हणालीस, "साहेबाचा वायदा हाये ना आज. जातो, कवळे पाहून आनतो."

मी म्हणाले, नको जाऊस. साहेब आज मागच्याच बाजूला फिरणार आहेत. मी वांग्याची करते.

"साहेब चांद्याऊन वांगे खायले आले का?"

कप पालथा घातलास आणि गेलीस. जाताना मागे वळून बघणं वगैरे काही झालं नाही. मी तेव्हा तांदूळ निवडत होते.

दुपारी, साहेब आणि हे जंगलातून परतल्यावर, तुझी जाऊ तुळसा आली. मागच्या बाजूने नाही, शेताकडून आली, मांडीपर्यंत चिखल. म्हणाली, "बाई, सायत्राले पान लागलं." इथे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी पोराला यांच्या हातात दिलं आणि धावले. मला वाटलं, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करताना बांधीत चावला असेल.

तू धुऱ्यावर होतीस. तुझ्या नवऱ्याला, डोमाला, कोणी तरी जंगल खात्याच्या सडकेच्या कामावरून बोलावून आणलं होतं, तो तुझ्या पायाशी बसून नुसता तुझा पाय चोळत होता. पाय केवढा सुजला होता. मी तुझा हात हातात घेतला. अजून गरम होता, पण तू नव्हतीस. आणि तुझ्या बोटांना वास्त्याच्या सालाची बारीक कुसळं चिकटलेली होती. ती माझ्या हातालाही टोचली. धानाच्या बांधीत ती कुठून येणार? मी तुळसाकडे पाहिलं. तिने खाली बघितलं.

तिनेच मग सगळं सांगितलं, रडत रडत. चावला तो बांबूच्या बेटात, आमच्या घरामागच्या नाल्यापलीकडे. तिथून हाक मारली असती तर मला चुलीपाशी ऐकू आली असती. तू शुद्धीवर होतीस. तू स्वतः म्हणालीस, "नाक्यावर न्या मले, तिथी जीप हाये." आणि सोबतच्या बाया घाबरल्या. नाक्यावर साहेब, टोपलीत वास्ते. त्यांनी टोपली नाल्यात फेकली आणि तुला लुगड्याच्या झोळीत घालून लांबच्या वाटेने, चिखलातून, तुमच्या वावरात नेलं. म्हणजे मग सांगता येईल की वावरात चावला.

"गुन्हा लागला असता, बाई," तुळसा म्हणाली. "डोमाचं काम गेलं असतं. आमाले वाटलं, वावरात नेतो, मंग तुमाले बलावतो. तंवर काई होत नाई."

सायत्रा, जीप माझ्या अंगणात उभी होती. ड्रायव्हर मोहाखाली विडी ओढत बसला होता. जीपने तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही, मला ते कळत नाही. पण तू जीप मागितलीस. तू एकटीच त्या शब्दाला कधी भ्याली नाहीस, टोपली उघडी टाकून माझ्या दारावरून जायचीस. बाकीच्या भ्याल्या. तुळसाच्या मुस्काटात मारावं असं मला वाटलं आणि मी तिला जवळ घेतलं. 

संध्याकाळी नाक्यावरच बसले सगळे. साहेब खुर्चीवर, पोलीस पाटील कागद घेऊन, कोतवाल, गावातले चार जण. हे एका बाजूला ताठ उभे. डोमा जमिनीवर. पाटलांनी विचारलं, कुठे चावला? सगळे एका सुरात म्हणाले, वावरात. साहेब काही काल जंगल खात्यात आले नव्हते. ते तुला बघून आले होते. म्हणाले, "वावरात होती, तर तिच्या हाताला बांबूचं कुसळ कसं?"

 साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. "नाकेदार, तुझा इलाका आहे. बाई रिझर्वमध्ये होती का?"

आमचे हे जमिनीकडे बघत राहिले. हो म्हटलं तर डोमा बुडाला, मेलेल्या बाईवर गुन्हा. नाही म्हटलं तर साहेबाच्या तोंडावर खोटं, आणि नोकरी. मी दारात पोराला घेऊन उभी होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं. चार पुरुष बोलत असताना मधे बोलायची मला सवयही नाही. पण तू मागितलेली जीप तिथेच, साहेबांच्या खुर्चीमागे उभी होती, आणि माझं तोंड उघडलं.

"होती, साहेब. रिझर्वमध्ये होती. तुमच्यासाठी वास्ते काढत होती. आज पुन्हा भाजी करा म्हणालात ना."

यांनी झटकन मान वर केली. मी यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता साहेब खुर्ची फेकून उठतील, उद्या आमचं बिऱ्हाड गाडीत. पोर माझ्या खांद्यावर चुळबुळ करत होतं आणि मी त्याला इतकी घट्ट धरून होते की ते रडायला लागलं.

साहेब रागावले नाहीत. ते मोहाच्या झाडाकडे बघत राहिले. मग पाटलांना हळूच म्हणाले, "वावरात लिहा."

पाटलांनी लिहिलं. साहेब उठले, न जेवता जीपमध्ये बसले. आणि तेव्हा डोमा पुढे सरकला. दोन्ही हात जोडून, कपाळ जवळजवळ जीपच्या चाकाला लावून म्हणाला, "लई उपकार झाले, साहेब."

मला त्याला उठवायचं होतं. मला ओरडायचं होतं, अरे, उपकार कसले? पण त्याची पोरगी शेजारी उभी होती, त्याचं काम शाबूत राहिलं होतं, तुझ्यावर गुन्हा नव्हता. त्याने दुसरं काय म्हणायला हवं होतं? साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," आणि जीप गेली.

रात्री हे म्हणाले, तुला काय गरज होती बोलायची? मी म्हणाले, तिने इतकी वर्षं विचारलं होतं, कोणासाठी. यांना काही कळलं नाही. पाठ करून झोपले.

आज सकाळी पाण्याला गेले तर विहिरीवर बाया बोलत होत्या, वावरात पान लागलं बिचारीला, रोवणा करता करता. तुळसाही होती. तीही मान हलवत होती. मी म्हणाले, वावरात नाही गं, तुम्हाला ठाऊक आहे ना? सगळ्या आपापल्या घागरी भरायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या बाई, कागदावर वावरच हाये." घागर उचलून मी परत आले.

तू म्हणायचीस, नाव सांगा, मी हात लावत नाही. सायत्रा, मी साहेबांचं नाव सांगितलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, आणि मग ऐकलंच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुझ्या डोमानेसुद्धा.